पहिला लॅपटॉप : जे बदलता येत नाही, ते आधी पाहा

बारावीचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. आई-वडील विचारतात, ‘कुठल्या कंपनीचा चांगला?’ मुलगा म्हणतो, ‘आय-सेव्हनच हवा.’ मामा, काका, शेजारचा इंजिनिअर दादा आपापला सल्ला देतात. शेवटी बजेट ठरते, दुकान गाठले जाते आणि ज्यावर बॅग-माउस फुकट असेल तो लॅपटॉप घरी येतो. चार-पाच वर्षे वापरायची, पुष्कळदा हप्त्यांवर घेतलेली वस्तू इतक्या घाईने निवडली जाऊ नये. ती नीट निवडायला फार तांत्रिक ज्ञानही लागत नाही. एक सूत्र धरले तरी पुरते : जे नंतर बदलता येत नाही त्याकडे आधी पाहा, आणि पैसेही आधी तिथेच घाला.

डेस्कटॉपमध्ये मॉनिटर आवडला नाही तर दुसरा आणता येतो, कीबोर्ड बिघडला तर नवा जोडता येतो. लॅपटॉपचे तसे नाही. त्याचा प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचा बसवलेला असतो. स्क्रीन, कीबोर्डची ठेवण, वजन आणि कडेची पोर्ट शेवटपर्यंत तीच राहतात. रॅम काही मॉडेलांत वाढवता येते, काहींत नाही. एसएसडी बहुधा बदलता येते. बॅटरी तीन-चार वर्षांनी नवी घालता येते. विंडोज, ऑफिस, माउस, बॅग तर कधीही घेता येतात. जाहिरातींचा क्रम मात्र उलटा असतो. साठवण आणि भेटवस्तू मोठ्या अक्षरांत, स्क्रीनचा दर्जा बारीक अक्षरांत. खरेदीदाराने हा क्रम स्वतःपुरता सरळ करून घ्यायला हवा.

आधी काम ठरवा

लॅपटॉपवर कोणते काम होणार, हे ठरल्याशिवाय कोणताही सल्ला अर्धवटच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक्सेल आणि टॅली लागते. टॅली विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आहे, म्हणून त्याने विंडोजचाच लॅपटॉप घ्यावा. महागड्या ग्राफिक्स कार्डाची त्याला गरज नाही. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया, सिव्हिलच्या विद्यार्थ्याला रेव्हिट किंवा इटॅब्ज शिकावे लागते. हीसुद्धा विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत. तिथे १६ जीबी रॅम आणि, बजेट असेल तर, वेगळे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. ऑटोकॅड मॅकवरही चालते, पण तेवढ्यावर विसंबून मॅक घेतला तर पुढच्या वर्षांत अडचण होते.

कॉम्प्युटर शाखेची गोष्ट वेगळी. पायथन, जावा किंवा वेब प्रोग्रॅमिंग विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही शिकता येते. मात्र अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन चालवायची वेळ येते तेव्हा ८ जीबी रॅम पुरत नाही. कला, विधी, वैद्यकीय किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याचे काम बहुतेक पीडीएफ वाचणे, नोट्स लिहिणे आणि व्याख्याने पाहणे हे असते. त्याने वेगापेक्षा स्क्रीन, वजन आणि बॅटरी यांवर पैसे खर्च करावेत. व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइन करणाऱ्याला रंग खरे दाखवणारी स्क्रीन लागते.

घाई नसेल तर एक उपाय आहे : पहिल्या वर्षाला कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे कॉलेजातल्या शिक्षकांना किंवा वरच्या वर्षाच्या मुलांना विचारावे. हे विचारायला पैसे पडत नाहीत आणि त्यातून कधी कधी वीस-तीस हजारांचा अनावश्यक खर्च वाचतो. अभ्यासाच्या नावाखाली गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी त्याचे वजनही पाहावे. तो बहुधा सव्वादोन किलोच्या पुढे असतो, चार्जर निराळा.

प्रोसेसर : नावापुढचा आकडा वाचा

‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही श्रेणी झाली. यंत्र किती जुने आहे ते पुढच्या आकड्यात असते. कोअर आय५-१२३५यू या नावात सुरुवातीचा १२ म्हणजे बारावी पिढी आणि शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. शेवटी ‘एच’ असेल तर ताकद जास्त, पण उष्णता आणि बॅटरीचा खर्चही जास्त. २०१६ मध्ये आलेल्या आय७-७५००यू या सातव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये फक्त दोन कोअर होते. २०२२ मधल्या आय५-१२३५यू मध्ये दहा आहेत. म्हणजे जुना ‘आय-सेव्हन’ नव्या ‘आय-फाइव्ह’पुढे टिकत नाही, इतकेच काय, नव्या ‘आय-थ्री’पुढेही नाही. २०२३च्या अखेरपासून इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावांतला ‘आय’ काढायला सुरुवात केली. त्यामुळे आता दुकानात कोअर ५, कोअर ७, कोअर अल्ट्रा अशीही नावे दिसतात.

एएमडीच्या रायझनमध्ये तर आणखी डोळसपणे पाहावे लागते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे शेजारी ठेवा. फरक एका अंकाचा. पण ७००० मालिकेत हा तिसरा अंकच आतली रचना सांगतो. ‘२’ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ची आहे. ‘३’ म्हणजे झेन ३. ‘४’ म्हणजे झेन ४. त्यामुळे ७५२०यू मध्ये चार कोअर आणि जुनी रचना मिळते, तर ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि तिच्या पुढची रचना. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची बसवलेली असते. एका अंकाकडे दुर्लक्ष झाले, की चार वर्षे हा फरक भोगावा लागतो.

इंटेल सेलेरॉन किंवा एन१०० सारखे प्रोसेसर टायपिंग, ईमेल, ऑनलाइन वर्ग यांसाठी चालतात. पण पदवीच्या पूर्ण काळासाठी एकमेव यंत्र म्हणून ते घेऊ नयेत. ‘एआय लॅपटॉप’ या स्टिकरसाठीही जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. आपण वापरतो ते बहुतेक एआय चॅटबॉट दूरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना आपल्याकडे फक्त ब्राउझर आणि इंटरनेट लागते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये अशा लॅपटॉपांच्या कोपायलट प्लस या वर्गाची घोषणा केली, तेव्हा इतर अटींबरोबर किमान १६ जीबी रॅमची अट घातली. विद्यार्थ्याच्या कामाची अट तेवढीच.

रॅम आणि एसएसडी : कुठे थांबता येते, कुठे नाही

चालू असलेले सगळे काम रॅममध्ये राहते; बंद केल्यावरही टिकणाऱ्या फाइली एसएसडीवर असतात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ सुरू होताच तीन-चार जीबी रॅम व्यापते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवरचे चित्र उभे करण्यासाठीही याच रॅममधला वाटा जातो. उरलेल्या जागेत क्रोमच्या पंधरा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक्सेलची फाइल उघडली, की रॅम संपते. मग विंडोज जास्तीचा मजकूर एसएसडीवर हलवू लागते. आपण ज्याला ‘लॅपटॉप हँग होतोय’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

म्हणून सरळ नियम असा : रॅम सोल्डर्ड म्हणजे मदरबोर्डला पक्की जोडलेली असेल, तर १६ जीबीच घ्या. तिथे ८ जीबी घेऊन ‘पुढे वाढवू’ म्हणता येत नाही. रिकामा स्लॉट असेल तर ८ जीबीवर सुरुवात करून वर्षभराने वाढवता येते. तपशिलाच्या पानावर ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल, तर ती रॅम जवळजवळ नेहमी सोल्डर्डच असते. नुसते ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर स्लॉट असण्याची शक्यता अधिक, पण खात्री करूनच घ्यावे.

साठवणीच्या बाबतीत मात्र थोडे थांबता येते. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी बहुतेकांना पुरते आणि नंतर मोठी घालता येते. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साटा एसएसडी साधारण साडेपाचशे, आणि एनव्हीएमई एसएसडी दोन-तीन हजारांच्याही पुढे जाते. लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ याच फरकामुळे मिनिटांवरून सेकंदांवर आला. ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी असलेले स्वस्त लॅपटॉप टाळा. ती साठवण मदरबोर्डवरच असते, बदलता येत नाही, आणि ६४ जीबी असेल तर विंडोजच्या अपडेटनेच भरत येते.

५१२ जीबी घेतली आणि विंडोजने ४७६ दाखवले, तर फसवणूक झाली असे समजू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त धरते. साठवण तेवढीच, मोजमाप वेगळे.

स्क्रीन, कीबोर्ड, वजन : रोजचा संबंध यांच्याशी

प्रोसेसर कोणता हे चार दिवसांत विसरायला होते. स्क्रीनकडे मात्र रोज तासन् तास पाहायचे असते. १३६६ बाय ७६८ची स्क्रीन आता घेऊ नये. तिच्यावर साडेदहा लाखांच्या आसपास बिंदू असतात. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर वीस लाखांहून अधिक, जवळजवळ दुप्पट. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार, उकार हे बारीक तपशील कमी बिंदूंच्या स्क्रीनवर एकमेकांत मिसळतात आणि डोळे लवकर थकतात.

पॅनेल आयपीएस प्रकारचे असावे. टीएन पॅनेलची स्क्रीन थोडी तिरकी केली की रंग उलटतात. तपशिलात ‘२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ असे दिसले, तर स्क्रीन मंद आणि रंग फिके असणार. खिडकीजवळ किंवा कॉलेजच्या उजेडाच्या पॅसेजमध्ये बसून काम करायचे तर ३०० निट्स किंवा जास्त हवेत. डिझाइन शिकणाऱ्याने १०० टक्के एसआरजीबी पाहावे.

कीबोर्डवर दुकानात एक परिच्छेद टाइप करून पाहा. मधोमध दाबल्यावर तो वाकतो का, बाणांच्या कळा फार बारीक आहेत का, टचपॅड बोटाला साथ देते का, हे दोन मिनिटांत कळते. मराठी टायपिंगसाठी कळांवर देवनागरी छापलेली असण्याची गरज नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली, की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत जाता येते. हे युनिकोड मराठी असते, त्यामुळे फाइल कुठेही पाठवली तरी अक्षरे बिघडत नाहीत.

लोकलने, एसटीने किंवा पीएमपीच्या बसने रोज ये-जा करणाऱ्याने १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप पाहावा. टेबलावरच राहणार असेल तर १५.६ इंची चालेल. वजन मोजताना चार्जर धरायला विसरू नका.

बॅटरी, चार्जर आणि आपली वीज

जाहिरातीतले ‘दहा तासांपर्यंत’ हे आकडे पुष्कळदा स्क्रीन मंद ठेवून एकच व्हिडिओ चालवून काढलेले असतात. त्यापेक्षा बॅटरीची क्षमता वॉट-तासांत पाहा. साधे ब्राउझिंग आणि टायपिंग करताना लॅपटॉप सुमारे सात वॉट वीज घेत असेल, तर ४२ वॉट-तासांची बॅटरी सहा तास टिकते. व्हिडिओ कॉलमध्ये तीच तीन-चार तासांवर येते. दिवसभर कॉलेजात राहणाऱ्याने ५० वॉट-तासांच्या पुढची बॅटरी पाहावी. यूएसबी-सी पोर्टवरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर आणखी चांगले, कारण चार्जर हरवला किंवा बिघडला तर त्याच पोर्टवर चालणारा दुसरा बाजारात सहज मिळतो.

चार्जरवरचे लेबल एकदा वाचा. ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. साधे चढउतार तो सहन करतो, पण वीज जाऊन येताना येणारा मोठा झटका त्याच्या सोसण्यापलीकडचा असतो. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणे हाच उत्तम उपाय, आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने काम थांबतही नाही. धातूच्या बॉडीवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर सॉकेटचे अर्थिंग तपासा. तीन पिनी चार्जर दोन पिनी कन्व्हर्टरमध्ये लावला, की अडॅप्टरमधला सूक्ष्म प्रवाह जमिनीत उतरायला वाट उरत नाही. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जिंगवरच राहणार असेल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू ठेवा. लिथियमच्या बॅटरीला सतत शंभर टक्के भरलेले राहणे मानवत नाही.

जुना घ्यायचा असेल तर

बजेट कमी असेल तर जुना, पण चांगल्या वर्गातला लॅपटॉप हा प्रामाणिक पर्याय आहे. मोठ्या कंपन्या साधारण तीन-चार वर्षांनी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप बदलतात. मग थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी मजबूत यंत्रे दुरुस्त होऊन बाजारात येतात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली अशा ठिकाणी भाव कळतो, पण तपासणी आपणच करायची.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे यंत्र विंडोज ११ चालवू शकते का, हा पहिला प्रश्न. त्यासाठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. वर सांगितलेला सातव्या पिढीचा आय-सेव्हन इथेच बाद होतो. दुसरा प्रश्न बॅटरीचा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग स्पेस, मग स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टाइप केले, की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी दिसतात. ५० वॉट-तासांची बॅटरी २८ वर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च धरून भाव करा. लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करा; बायोस पासवर्ड किंवा जुन्या कंपनीचे लॉगिन समोर आले तर तो घेऊ नका.

पैसे देण्यापूर्वी

एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार असतात. कुणाची स्क्रीन चांगली, कुणाची रॅम सोल्डर्ड, कुणाचा प्रोसेसर मागच्या पिढीचा. म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक शोधून तपशील ताडून पाहा. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर रॅम किती, किती स्लॉट वापरात आणि डिस्क कोणत्या प्रकारची, हे सगळे दिसते.

खोक्यावर ‘डॉस’ लिहिले असेल तर विंडोज मिळणार नाही, त्याचा खर्च वेगळा. उबंटूसारखे लिनक्स फुकट घालता येते, पण टॅली किंवा सॉलिडवर्क्स लागणाऱ्याला ते उपयोगाचे नाही. विद्यार्थ्याला विंडोज होम पुरते, प्रोसाठी जादा पैसे नकोत. सोबत मिळणारे ऑफिस ठराविक मुदतीतच सुरू करावे लागते, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर सुरू करून घ्या. ऑफिस मिळत नसेल तर लिबरऑफिस मोफत आहे.

वॉरंटी ऑनसाइट आहे की सेवाकेंद्रात नेऊन द्यायची, हे विचारा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्या-मुंबईकरापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण सर्वांत जवळचे सेवाकेंद्र शंभर किलोमीटरवर असू शकते. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलासाठी पडझड आणि पाणी सांडणे यांचे संरक्षण देणारी जादा वॉरंटी घेण्यासारखी असते. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर आहे ना, ते पाहा.

बजेटमध्ये सगळे बसत नसेल, तर काटछाट या क्रमाने करा : आधी फुकटच्या वस्तू सोडा, मग मोठी साठवण, मग प्रोसेसरची वरची श्रेणी. फुल एचडी आयपीएस स्क्रीन, १६ जीबी रॅम किंवा रॅमचा रिकामा स्लॉट, आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर या तीन गोष्टी मात्र सोडू नका. पहिला लॅपटॉप सर्वांत महागडा असण्याची गरज नाही. शेवटच्या वर्षाच्या सबमिशनच्या आदल्या रात्रीही तो न अडता चालला पाहिजे. म्हणून दुकानात पहिल्याच दिवशी निर्णय करू नका. मॉडेल क्रमांक लिहून घ्या, घरी येऊन शांतपणे तपशील वाचा, मुलाला काय लागते ते त्याच्याकडूनच समजून घ्या, आणि मग पैसे द्या.